चौघांचा एक आवाज

एखादा गायक जगप्रसिद्ध झाला म्हणजे त्याच्या यशाचे सारे श्रेय त्याच्या कंठाला देऊन लोक मोकळे होतात. इंग्लंडच्या रॉक संगीतातील विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या बाबतीतही असेच घडले. त्याचा कंठ असामान्य होता, यात शंका नाही. परंतु तो कंठ घडला आणि अखेरपर्यंत टिकला, तो त्याच्या सोबत्यांच्या आधाराने. त्याचे चरित्र म्हणजे वस्तुतः त्याच्या वाद्यवृंदांचाच इतिहास होय.

फ्रेडीचे मूळ नाव फारूख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात तो जन्मला. वडील तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलगा आठ वर्षांचा असताना त्यांनी त्याला शिक्षणासाठी समुद्रापार, सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथे १९५८ च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड उभा केला. पुढे जग गाजविणारा हा मुलगा त्यात पियानो वाजवीत असे. मुख्य गायक दुसराच होता. अर्थात साथ करणे म्हणजे काय, हे तो आधी शिकला आणि नायकाची जागा त्याच्या वाट्याला मागाहून आली.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाने लंडनजवळ फेल्टम येथे आश्रय घेतला. फ्रेडीने ईलिंगच्या कलाविद्यालयात आलेखनकलेचा अभ्यास करून १९६९ मध्ये पदविका मिळविली. तेथील टिम स्टाफेल नावाचा विद्यार्थी ‘स्माइल’ या बँडमध्ये गात असे. ब्रायन मे गिटार वाजवी, तर रॉजर टेलर ड्रम्स. फ्रेडी त्यांचा स्नेही झाला खरा. परंतु गायकाची जागा रिकामी नव्हती. म्हणून १९६९ मध्ये तो लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’मध्ये शिरला. त्याचे नाव पालटून ‘रेकेज’ झाले आणि काही महिन्यांतच तो बँड मोडला. त्यानंतरचा ‘सावर मिल्क सी’ही अल्पायुषी ठरला.

१९७० मध्ये स्टाफेलने ‘स्माइल’ सोडले आणि फ्रेडीला हवी ती जागा मिळाली. त्याने बँडला ‘क्वीन’ हे नाव दिले, स्वतःसाठी ‘मर्क्युरी’ हे आडनाव घेतले आणि बँडचे बोधचिन्हही स्वतःच रेखाटले. १९७१ मध्ये बेस गिटारवादक जॉन डीकन आला व चौकडी पूर्ण झाली.

१९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या गीताने त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. त्या काळी लोकप्रिय गीताची ध्वनिमुद्रिका साधारणतः तीन-चार मिनिटांची असे. हे गीत जवळजवळ सहा मिनिटांचे होते. ब्रिटनच्या विक्रीयादीत ते सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. शब्द व चाल मर्क्युरीची. परंतु मधल्या भागातील समूहगान मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचे आवाज फितीवर पुनःपुन्हा एकमेकांवर मुद्रित करून साधले होते. टेलरचा स्वर उंच, मे याचा खालचा आणि मर्क्युरीचा मधला, अशी ती वाटणी होती.

या बँडचा आणखी एक विशेष असा की, चौघेही गीतकार होते. ‘वुई विल रॉक यू’ हे मे याचे, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे डीकनचे, तर ‘रेडिओ गा गा’ हे टेलरचे. पण जेथे लेखक चार, तेथे श्रेय आणि मानधन यांवरून कुरबुरीही आल्याच. १९८५ मध्ये मर्क्युरीने ‘मिस्टर बॅड गाय’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. तिला क्वीनचे यश लाभले नाही. त्याच वर्षी १३ जुलै रोजी इथिओपियातील दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. तेथे सुमारे वीस मिनिटांत या चौघांनी सारे मैदान जिंकले.

१९८७ मध्ये मर्क्युरीला एड्सच्या रोगाचे निदान झाले. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या संग्रहापासून चौघांनी ठरविले की, यापुढे प्रत्येक गीतावर सर्वांचे मिळून एकच नाव असावे. वर्षानुवर्षांचा वाद असा मिटला. दुखण्याची वाच्यता न करता मर्क्युरी स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे शक्ती राहील तोवर गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्या आजाराची जाहीर कबुली दिली. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो निवर्तला. अंत्यविधी पारशी धर्माच्या रीतीने झाला.

त्याने मागे ठेवलेल्या आवाजाला त्याच्या तिघा सोबत्यांनी संगीताची साथ दिली आणि १९९५ साली ‘मेड इन हेवन’ हा संग्रह पुरा केला. पाचगणीच्या शाळेत दुसऱ्याच्या गाण्याला साथ करणाऱ्या त्या मुलाची अखेरची गाणी त्याच्या साथीदारांनी अशा रीतीने तडीस नेली.