पाहुणा आणि रहिवासी : परदेशातील वाहन परवाना व विम्याच्या नियमांचा इतिहास

नोकरी, शिक्षण किंवा विवाहाच्या निमित्ताने परदेशात दीर्घकाळ राहावयास गेलेल्या व्यक्तीला तेथील रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी दोन कागद जवळ बाळगावे लागतात : वाहन चालवण्याचा परवाना आणि विम्याचे प्रमाणपत्र. आज हे दोन्ही कागद जोडीने येत असले, तरी त्यांचा उगम दोन निराळ्या गरजांत आहे. रस्त्यावर कोण गाडी चालवतो हे राज्यसंस्थेला कळावे म्हणून परवाना आला, तर अपघातात सापडलेल्याला भरपाई मिळावी म्हणून सक्तीचा विमा आला. या दोन्ही व्यवस्था घडत असताना परदेशी चालक म्हणून नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो सहलीला आलेला पाहुणा. घर सोडून नव्या देशात संसार थाटणाऱ्या स्थलांतरिताचा विचार त्यांत जवळजवळ झालाच नाही, आणि त्याच्या आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या जुन्या उणिवेत सापडते.

परवान्याचा प्रारंभ साधा होता. कार्ल बेंझ यांनी आपली यंत्रचालित गाडी रस्त्यावर आणली तेव्हा तिच्या आवाजाबद्दल व वासाबद्दल तक्रारी झाल्या आणि १८८८ मध्ये बाडेनच्या प्रशासनाकडून त्यांना ती चालवण्याची लेखी परवानगी घ्यावी लागली. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ मध्ये हुकूम काढून चालकाला क्षमतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले, म्हणजेच गाडी हाकता येते हे सिद्ध करण्याची जबाबदारी चालकावर टाकली. ब्रिटनची वाट मात्र वेगळी होती. तेथील १९०३ च्या मोटारगाडी कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक चालकाला परवाना घेणे बंधनकारक झाले. पण त्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती, पाच शिलिंग शुल्क भरून स्थानिक प्रशासनाकडून तो मिळत असे आणि चालकाचे नाव नोंदले जाणे एवढाच त्याचा हेतू होता. चालकांची परीक्षा ब्रिटनमध्ये सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून, आणि तीही १ एप्रिल १९३४ नंतर वाहन चालवू लागलेल्यांपुरती. त्यामुळे आधीच्या पिढीतील चालक कोणतीही परीक्षा न देता आयुष्यभर गाडी चालवत राहिले. आपल्या जुन्या चालकांना दिलेली ही सवलत लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे परदेशातून आलेल्या अनुभवी चालकाच्या वाट्याला ती क्वचितच आली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटार बाळगणे हा श्रीमंतांचा छंद होता आणि युरोपातील सरहद्दी ओलांडून सहलीला जाणे हा त्या छंदाचाच भाग. प्रत्येक सरहद्दीवर नवी नोंदणी आणि नवे प्रमाणपत्र ही अशा सहलींतील मोठी अडचण होती. तिच्यावर तोडगा म्हणून ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिस येथे मोटार वाहतुकीविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याने निर्माण केलेले आंतरराष्ट्रीय प्रवासपत्र एका वर्षासाठी वैध असे आणि गाडी व चालक या दोहोंची ओळख त्या एकाच कागदात सामावलेली होती. गाडीच्या मागे देशाची अक्षरे असलेली लंबवर्तुळाकार पाटी लावण्याची प्रथाही याच कराराने रुजवली. ब्रिटिश गाड्यांवरील ‘जीबी’ ही अक्षरे तेव्हापासूनची असून २०२१ मध्ये त्यांची जागा ‘यूके’ने घेतली. पुढे २४ एप्रिल १९२६ च्या पॅरिस करारात गाडीचे प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना वेगळे करण्यात आले, आणि आज ज्याला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणतात त्याला स्वतंत्र रूप मिळाले.

हा परवाना म्हणजे नवा अधिकार नव्हे, ही गोष्ट परदेशी जाणाऱ्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. मूळ देशाच्या परवान्याचा तो अनेक भाषांतील प्रमाणित अनुवाद असतो आणि मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे झालेल्या रस्ते वाहतूक करारात त्याचा नमुना ठरवून देण्यात आला : राखाडी मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका, आत पांढरी पाने, वाहनांच्या वर्गांसाठी ‘ए’ ते ‘ई’ ही अक्षरे, शेवटच्या पानावर फ्रेंच मजकूर आणि एक वर्षाची मुदत. भारत या कराराचा सदस्य असल्याने आरटीओकडून आजही याच नमुन्याचा परवाना मिळतो. त्यासाठी ‘४अ’ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने राज्याराज्यांत वेगवेगळी दिसणारी ही पुस्तिका सर्वत्र एकसारखी करून तिच्यावर क्यूआर कोडही आणला.

जिनिव्हा कराराच्या पहिल्याच कलमात मात्र एक वाक्य असे आहे की ज्यावर स्थलांतरिताचे भवितव्य अवलंबून राहिले. एखादा चालक एखाद्या देशाच्या हद्दीत सलग एक वर्षाहून अधिक काळ राहिला, तर त्याला कराराचा लाभ देण्याचे बंधन त्या देशावर नाही, असे ते वाक्य सांगते. व्हिएन्ना येथे ८ नोव्हेंबर १९६८ रोजी झालेल्या पुढच्या कराराने आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. पण ज्याचे नेहमीचे वास्तव्य परवाना मिळाल्यानंतर दुसऱ्या देशात हलले आहे, त्याचा परवाना मानण्याची सक्ती त्या देशावर नाही, असेही त्यात स्पष्टपणे लिहिले. पाहुणा आणि रहिवासी यांच्यातील रेषा या दोन करारांनी कायद्यात कोरली. भारताचा १९८८ चा मोटार वाहन कायदा याला अपवाद नाही. त्याच्या १३९ व्या कलमात परदेशी जाणाऱ्यांसाठी आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी प्रवासपत्रांचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, तो ‘तात्पुरते’ जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या संदर्भातच.

पाहुणेपण संपल्यावर काय, हे ठरवण्याचे काम त्यामुळे ज्या-त्या देशाकडे गेले आणि प्रत्येकाने आपली मुदत ठरवली. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने, कॅनडातील ओंटारियो प्रांतात साठ दिवस, ब्रिटनमध्ये बारा महिने असे हे आकडे आहेत. जपानमध्ये आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्ष गाडी चालवता येते. मात्र वर्ष संपत आले की चार दिवस मायदेशी जाऊन नवी पुस्तिका आणायची, या पळवाटेला २००२ मध्ये कायदा बदलून बंदी घालण्यात आली आणि तेथील रहिवाशाचे परदेशातील वास्तव्य तीन महिन्यांहून कमी असेल, तर परतल्यावर मुदत नव्याने मोजली जात नाही असे ठरले. अमेरिकेत परवाना हा राज्यांचा विषय असल्याने पन्नास राज्यांत पन्नास रीती दिसतात, पण २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्याने तेथे एक मोठा बदल केला : त्या कायद्याच्या निकषांत बसणारा परवाना हवा असेल, तर देशातील वास्तव्य कायदेशीर असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि व्हिसावर राहणाऱ्याच्या अशा परवान्याची मुदत त्याच्या वास्तव्याच्या मुदतीबरोबरच संपते. पुण्या-मुंबईहून गेलेल्या संगणक अभियंत्याला व्हिसाची मुदतवाढ रखडली की परवान्याच्याही नूतनीकरणासाठी खेटे घालावे लागतात, ते यामुळे. गाडी चालवण्याचे कौशल्य आणि देशात राहण्याचा हक्क या दोन गोष्टींचा एकमेकींशी स्वाभाविक संबंध नाही. तो या कायद्याने जोडला.

मुदत संपल्यानंतर दोन वाटा असतात : परवान्याची अदलाबदल किंवा नव्याने परीक्षा. ब्रिटनने काही देशांची यादी केली असून त्यांचे परवाने परीक्षेविना ब्रिटिश परवान्यात बदलून मिळतात. त्या यादीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, स्वित्झर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे आहेत, भारत नाही. डाव्या बाजूने वाहन हाकण्याचा नियम भारताने ब्रिटनकडूनच घेतला, लाल ‘एल’ अक्षराची पाटीही तिकडचीच, आणि तरीही उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या स्वित्झर्लंडचा परवाना बदलून मिळतो पण महाराष्ट्राचा मिळत नाही. भारतातील परवाना परीक्षांच्या दर्जाविषयी शंका घेतल्या जातात आणि त्या सर्वस्वी निराधार नाहीत, हे मान्य करावे लागेल. पण हा देशाविषयीचा निर्णय आहे आणि तो व्यक्तीवर लादला जातो, हेही तितकेच खरे. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला बारा महिने उलटताच तेथे शिकाऊ परवाना घ्यावा लागतो, गाडीला ‘एल’ची पाटी लावून किमान तीन वर्षे पक्का परवाना असलेल्या, एकवीस वर्षांवरील व्यक्तीला शेजारी बसवावे लागते, पन्नासपैकी त्रेचाळीस प्रश्न बरोबर सोडवून लेखी परीक्षेचा प्रश्नोत्तरांचा भाग पार करावा लागतो आणि मग रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. ओंटारियोने १९९४ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली तेव्हा परदेशातील अनुभव काही अंशी जमेस धरण्याची सोय ठेवली, ही त्यातल्या त्यात शहाणी तडजोड म्हणावी लागेल.

विम्याचा इतिहास याहून वेगळ्या दिशेने गेला. मोटारींची संख्या वाढली तसे रस्त्यावर बळी जाणाऱ्यांचे प्रमाणही वाढले, आणि ज्याच्या गाडीखाली माणूस आला त्याच्याकडे भरपाई देण्याइतका पैसाच नाही असे प्रसंग वारंवार येऊ लागले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून विमा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थ विमा, म्हणजेच गाडीमुळे ज्या तिसऱ्याच व्यक्तीला इजा होते तिच्या भरपाईची हमी देणारा थर्ड पार्टी विमा, बंधनकारक केला. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, हे पाहता अशा विम्याची निकड सहज कळते. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचे प्रकरण होते, पण ते प्रत्यक्षात लागू झाले १ जुलै १९४६ पासून. युरोपात सरहद्द ओलांडणाऱ्या गाडीच्या विम्याचा प्रश्न ग्रीन कार्डच्या व्यवस्थेने सुटला. १९५३ पासून चालू झालेल्या या व्यवस्थेत एका देशाच्या विमा संघटनेने दिलेले हिरवे पत्र दुसऱ्या देशात ग्राह्य धरले जाते. परवान्याप्रमाणे येथेही सोय झाली ती प्रवाशाची.

रहिवासी झालेल्या नवागताला विमा कंपनी जो प्रश्न विचारते तो भूतकाळाविषयीचा असतो : किती वर्षे गाडी चालवली आणि किती दावे केले. भारतात एकही दावा न करता पाच वर्षे गेली, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. पण ही कमाई परदेशी कंपनीने मानावी असे बंधन कुठल्याही कराराने घातलेले नाही, आणि बहुतेक वेळा चाळिशीतल्या अनुभवी चालकाची गणना नवशिक्यांत होऊन त्याला जबर हप्ता भरावा लागतो.

याहून धोक्याचा आहे तो सवयीतला फरक. भारतातील पॉलिसी सर्वसाधारणपणे गाडीची असते, म्हणजे वैध परवाना असलेल्या कुणीही मालकाच्या संमतीने ती गाडी चालवली तर संरक्षण टिकते. ब्रिटनमध्ये पॉलिसीत ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांनाच सामान्यतः संरक्षण असते. मित्राची गाडी त्याच्या परवानगीने दुकानापर्यंत नेणे ही भारतात अगदी साधी गोष्ट. तिकडे पॉलिसीत नाव नसेल तर ते विम्याविना वाहन चालवणे ठरते आणि ३०० पौंड दंडासह परवान्यावर सहा दोषगुण (पेनल्टी पॉइंट) लागतात. १९९५ च्या नवचालक कायद्यानुसार पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत सहा दोषगुण झाले की परवाना रद्द होतो आणि पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. हा कायदा अठरा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असला, तरी ब्रिटिश परीक्षा नुकतीच दिलेला पन्नाशीचा भारतीयही त्याच्या लेखी नवचालकच असतो. मित्राच्या गाडीची एक फेरी त्याचा परवाना घेऊन जाते आणि नोकरीवर जाण्याचे साधन गाडीच असेल, तर उपजीविकेवरही घाला येतो.

गेल्या काही दशकांत देशादेशांमधील द्विपक्षीय समझोत्यांनी स्थलांतरिताच्या परवान्याबाबतची ही उणीव जागोजागी भरून काढली. युरोपीय समुदायाने तर १९८० च्या निर्देशापासून सदस्य देशांच्या परवान्यांना परस्पर मान्यता देण्याची वाट धरली. परदेशी कामगार व विद्यार्थी पाठवण्याविषयी भारत जेव्हा अन्य देशांशी बोलणी करतो, तेव्हा परवान्याची आणि विमा-इतिहासाची परस्पर मान्यता हे त्या बोलण्यांतील मानाचे कलम असले पाहिजे, आणि त्यासाठी आधी आपल्या आरटीओतील परीक्षा जगाला पटेल अशी कडक व्हायला हवी. तोवर परदेशी राहावयास जाणाऱ्याने निघण्यापूर्वी परवान्याच्या पहिल्या तारखेसह चालक म्हणून असलेल्या नोंदीचा दाखला आरटीओकडून आणि दावा न केल्याचे पत्र विमा कंपनीकडून लेखी घ्यावे, पोहोचल्याच्या दिवसापासून मुदत मोजावी आणि पॉलिसीत आपले नाव पाहिल्याशिवाय कुणाच्याही गाडीच्या चालकाच्या आसनावर बसू नये.