व्हिडिओ गेमची दुकानं आणि आपण

१९९०च्या दशकात साताऱ्यात, सांगलीत व्हिडिओ गेमची दुकानं होती. नाणं टाकायचं, दांडा हलवायचा, पडद्यावरची गाडी पळवायची. पुढं घरच्या टीव्हीवर गेम आले, मग मोबाइल आले आणि ती दुकानं बंद पडली. आज त्यांचा विषय निघाला की गडीमाणसं रंगून बोलतात. आपण नुसत्या ऐकतो, कारण आपण आत गेलोच नव्हतो. रस्त्यानं जाताना आतला आवाज तेवढा कानावर यायचा.

परदेशातही ही दुकानं म्हणजे पोरांचाच अड्डा. जपानच्या तोरू इवातानी यांना ते खटकलं. बायकांनीही खेळायला यावं म्हणून त्यांनी १९८० साली ‘पॅक-मॅन’ हा खेळ तयार केला. त्यात बंदुका नाहीत. एक पिवळं गोल तोंड ठिपके खात पळतं, मागं रंगीत भुतं लागतात. तो जगभर गाजला, बायकाही आवडीनं खेळल्या.

म्हणजे आवड होतीच. आपल्याला उंबरा आडवा आला. दुकानं गेली, तो उंबरा गेला का? घरात मोबाइल एकच असला, तर खेळायला आधी कुणाला मिळतो, मुलाला की मुलीला? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकमेकींना विचारू या.