मनाली-लेह सायकलवर: जोडीने जाताना वेग कोणाचा धरायचा?

मनाली ते लेह हा सायकलस्वारांचा लाडका मार्ग. वाटेत बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि 5,328 मीटर उंचीचा तांगलांग ला लागतो. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो.

चढापेक्षा जास्त त्रास देते ती मुक्कामाची उंची. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण 500 मीटरहून जास्त उंच नसावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. जिस्पा सुमारे 3,200 मीटरवर, तर सरचू सुमारे 4,300 मीटरवर. शिवाय सरचूच्या दोन्ही बाजूंना उंच खिंडी असल्याने तिथून पटकन खाली उतरता येत नाही. म्हणून जिस्पाला एखादा दिवस जास्त थांबा आणि सरचूआधी आणखी एक मुक्काम करा.

सराव कितीही असो, विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर चढू नका. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं ही धोक्याची लक्षणं. ती आजारी माणसाला अनेकदा कळत नाहीत, जोडीदाराला दिसतात. अशा वेळी सायकली गाडीत टाकून लगेच खाली उतरा.

आणि वेग? त्या दिवशी जो मागे पडतोय, त्याचाच.