नाताळ, लंडन आणि कुत्रे

१८०३ सालच्या डिसेंबरची ५ तारीख. लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात फ्रेडरिक रेनल्ड्स या नाटककाराच्या ‘द कॅरव्हॅन’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटक म्हणून त्याची आज कोणी आठवण काढणार नाही. परंतु रंगभूमीवर खऱ्या पाण्याचा डोह केलेला होता, आणि कार्लो नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा एक कुत्रा त्या पाण्यात उडी घेऊन बुडणाऱ्या मुलाला बाहेर काढीत असे. हा प्रकार पाहण्यास लंडनकरांनी एकच गर्दी केली. नाट्यगृहाची आर्थिक स्थिती तेव्हा बेताचीच होती. त्याचे चालक, सुप्रसिद्ध नाटककार शेरिडन, प्रयोगानंतर रंगपटात आले व ‘माझा तारणहार कुठे आहे?’ असे विचारू लागले. रेनल्ड्स विनयाने पुढे झाले. तेव्हा शेरिडनसाहेबांनी त्यांना बाजूस सारून कुत्र्याची चौकशी केली, अशी आख्यायिका आहे.

थंडीच्या मोसमात महानगराची करमणूक करणारा हा प्राणी नाट्यगृहाबाहेर मात्र वेगळ्याच स्थितीत आढळे. लहानसहान विक्रेत्यांच्या गाड्या ओढणे हे त्याचे काम असे. रस्त्यावरच्या पंचच्या बाहुल्यांच्या खेळात गळ्याला झालर बांधून बसणारा टोबी, हा त्यांतल्या त्यात भाग्यवान म्हणायचा. १८३९ च्या पोलीस कायद्याने लंडनमध्ये कुत्र्यांना गाडीस जुंपण्याची बंदी झाली आणि १ जानेवारी १८४० पासून ती अमलात आली. त्या वर्षाच्या नाताळात लंडनचा कुत्रा प्रथमच जुवातून मोकळा होता. परंतु जुवातून सुटलेल्याला पोसायचे कोणी, याचे उत्तर कायद्यात नव्हते. पुढील शंभर-सव्वाशे वर्षे हाच प्रश्न निरनिराळी रूपे घेऊन उभा राहिला.

श्रीमंतांच्या घरी तो नव्हता. १८४१ च्या नाताळात व्हिक्टोरिया राणीने आपल्या पतीला, प्रिन्स आल्बर्ट यांना, एक तैलचित्र भेट दिले. चित्रकार होते लँडसीअर आणि चित्राचा विषय होता ईऑस, म्हणजे आल्बर्ट यांनी जर्मनीहून आणलेली काळी ग्रेहाउंड कुत्री. चित्रात धनी दिसत नाही. त्याची उंच टोपी, हातमोजे आणि छडी तेवढी आहेत, आणि त्यांच्याजवळ ईऑस उभी आहे. राजघराण्याने उचललेली चाल मध्यमवर्गाने उचलावी हा इंग्लंडचा रिवाजच होता. नाताळचे झाड जसे विंडसरच्या राजवाड्यातून घरोघर गेले, तसे शेकोटीपुढे पहुडलेले कुत्रेही घरगुती सुखाचे चिन्ह ठरले.

चिन्हाला किंमत आली की चोर आलेच. विम्पोल स्ट्रीटवर राहणाऱ्या कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा फ्लश हा स्पॅनियल जातीचा कुत्रा तीन वेळा पळवला गेला. कुत्रे पळवून धन्याकडून दंड उकळणाऱ्या टोळ्याच लंडनमध्ये होत्या. जुन्या इंग्रजी सामान्य कायद्याप्रमाणे कुत्रे नेणे ही चोरी ठरत नसे. त्याच्या गळ्यातला पट्टा नेणे मात्र चोरी ठरे! १८४५ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला, तरी १८४६ च्या सप्टेंबरात फ्लश पुन्हा नाहीसा झाला. वर्षानुवर्षे आजारपणात खोलीबाहेर क्वचित पडणाऱ्या या बाई भाड्याच्या गाडीत बसून थेट चोरांच्या वस्तीत गेल्या, आणि अखेर सहा गिनी मोजून कुत्रा परत आला. त्याच महिन्यात त्यांनी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्याशी गुपचूप विवाह केला व इटलीची वाट धरली. फ्लश अर्थातच बरोबर होता.

ज्याच्यासाठी सहा गिनी देणारे कोणी नाही, त्याचे काय? सरकारने त्याच्याकडे प्रथम पाहिले ते कराच्या दृष्टीने. कुत्र्यांवरील कर १७९६ पासूनचा. १८७८ साली परवान्याची रक्कम साडेसात शिलिंग ठरली आणि शंभराहून अधिक वर्षे ती बदललीच नाही. अखेरीस वसुलीचा खर्च उत्पन्नाहून जड होऊ लागला, तेव्हा १९८० नंतरच्या दशकात ती पद्धती बंद झाली. कोणत्याही देशातील कचेरीला हे उदाहरण अपरिचित वाटणार नाही. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार मिळाला. तीन दिवसांत मालक न आल्यास ती विकावीत वा मारावीत, असा नियम होता.

तत्पूर्वी, १८६० साली, मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक आसरा उघडला. माणसे उपाशी असता कुत्र्यांना घर कसले, म्हणून ‘टाइम्स’सारख्या पत्राने या उपक्रमाची टवाळी केली. १८६२ साली डिकन्स यांच्या नियतकालिकात या संस्थेविषयी सहानुभूतीचा लेख आला, तेव्हा कोठे वारे फिरले. १८७१ मध्ये संस्था बॅटर्सी येथे गेली आणि आजही तेथे आहे. येथे मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल उसळली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते, आणि विरोधात पारशी समाज अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. लंडनला जे सुचले ते मुंबईने सव्वीस वर्षे आधी केले होते; आणि त्यासाठी कोणा वर्तमानपत्राची अनुमती मागितली नव्हती.

१८८५-८६ चा हिवाळा लंडनच्या कुत्र्यांना कठीण गेला. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने मुसके बांधण्याचा हुकूम निघाला आणि रस्त्यात मोकळ्या तोंडाने हिंडणे गुन्हा ठरले. श्वानप्रेमी संतापले, पण सक्तीचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. १९०२ पर्यंत ब्रिटन या रोगातून मुक्त झाले. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत आला, तो १९२२ पर्यंत पुन्हा निपटला गेला.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले, आणि पहिल्या काही दिवसांत लंडनमध्ये सुमारे चार लाख पाळीव कुत्री-मांजरे धन्यांनी आपण होऊन मारवून घेतली. तसा सरकारी हुकूम नव्हता. बॉम्ब पडतील, अन्न मिळणार नाही, सार्वजनिक आश्रयस्थानात प्राण्यांना प्रवेश मिळणार नाही, या भयाने ते झाले. त्या वर्षीच्या नाताळापर्यंत लंडनवर बॉम्बवर्षाव झालाच नाही. तो सुरू झाला १९४० च्या सप्टेंबरात.

शांततेच्या काळात संकट नाताळाच्या भेटीतूनच येऊ लागले. पिल्लू नाताळात मुलांच्या हाती द्यावे आणि सण सरताच ते नकोसे व्हावे, असे इतके घडू लागले की १९७८ साली राष्ट्रीय श्वानसंरक्षण संघाच्या क्लॅरिसा बॉल्डविन यांनी एक घोषवाक्य योजले. कुत्रे आयुष्यभराचे असते, केवळ नाताळापुरते नव्हे, असा त्याचा आशय. ते इंग्लंडात म्हणीसारखे रूढ झाले.

लंडनच्या भुयारी रेल्वेत कुत्र्यांना प्रवेश असतो. सरकत्या जिन्यावर मात्र त्यांना उचलून घ्यावे, अशी पाटी असते. २५ डिसेंबरला ही रेल्वे व शहरातील बसगाड्या पूर्ण बंद असतात. एवढे मोठे शहर त्या दिवशी पायी चालते. हाइड पार्कच्या ओल्या गवतावर कुत्र्यांसह माणसे फिरावयास निघतात, आणि उचलून घेण्याचा प्रसंग त्या दिवशी कोणावरच येत नाही.