कराटे आणि विद्यापीठांतील विद्यार्थी

मल्लविद्येचा विषय निघाला म्हणजे आपणांस तालीम आणि वस्ताद आठवतात, विद्यापीठ आठवत नाहीं. परंतु कराटे ही विद्या आज ज्या रूपांत जगभर दिसते, तें रूप तिला बऱ्याच अंशीं जपानच्या विद्यापीठांतील विद्यार्थिमंडळांनीं दिलें. हें कसें घडलें तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ही विद्या मूळची ओकिनावा बेटाची. पूर्वीं ती तेथें उघडपणें शिकवीत नसत. गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ चा. ते गुरूच्या अंगणांत रात्रीं दिव्याच्या उजेडांत शिकले. ठराविक क्रमानें करावयाच्या हालचालींच्या पाठास 'काता' म्हणतात. एकच काता महिनेच्या महिने घोटावयाची, हा त्या वेळचा शिरस्ता होता. एका जातीच्या तीन काता अंगीं बाणण्यास फुनाकोशींना दहा वर्षें लागलीं. पोटाचा व्यवसाय मात्र शाळामास्तराचा.

१९२२ सालीं शिक्षणखात्यानें भरविलेल्या प्रदर्शनासाठीं ते टोकियोस गेले. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनींही त्यांना आपल्या आखाड्यांत प्रयोग दाखविण्यास बोलाविलें, आणि घरीं परतण्याचा बेत मागें पडला. पन्नाशी उलटलेला हा शिक्षक ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत राहून अंगण झाडी, पहारा करी, आणि उरलेल्या वेळांत शिकवी. हातीं पैसा इतका थोडा कीं, तेथील स्वयंपाक्यास कराटे शिकवून त्यांनीं जेवणाच्या खर्चांत सूट मिळविली!

१९२४ सालीं केइओ विद्यापीठांत पहिलें कराटेमंडळ निघालें. मागोमाग टोकियोचें सरकारी विद्यापीठ, वासेदा, ताकुशोकु इत्यादि ठिकाणीं मंडळें झालीं. येथें शिकविण्याची रीतच बदलली. विद्यार्थी तीनचार वर्षांत पदवी घेऊन जाणार. त्याला दहा वर्षें कोठून मिळावीं? म्हणून रांगा लावून, मोठ्यानें आंकडे मोजीत, सर्वांनीं एकदम हालचाल करण्याची पद्धत रूढ झाली. ज्यूदोप्रमाणें पांढरा पोशाख आणि पट्टे आले. १९२४ सालींच फुनाकोशींनीं आपल्या शिष्यांना पहिल्या पदव्या दिल्या.

मंडळाचें जीवन शिस्तीचें असे. नव्या विद्यार्थ्यानें जमीन पुसावी, वडील विद्यार्थ्यास नमस्कार करावा, त्याचें ऐकावें. वडिलास 'सेम्पाई' व धाकट्यास 'कोहाई' म्हणतात. कडाक्याच्या थंडींत पहाटे व्यायाम, सुटींत सर्वांनीं एकत्र राहून शिबिर, हे नेम होते. सेम्पाईनें शिकवावें, धाकट्यांना खाऊं घालावें, पुढें नोकरीसाठीं शब्द टाकावा, अशी अपेक्षा असे. गुरु एक आणि शिष्य शेंकडों, तरी शिक्षण चालूं राहिलें तें या व्यवस्थेमुळें. मात्र याच वडीलकीच्या नांवाखालीं पुढें कित्येक मंडळांत धाकट्यांना मारहाणही झाली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

खरा वाद निघाला तो झुंजीवरून. तरुणांना नुसत्या कातांनीं समाधान होईना. ज्यूदोच्या आणि तलवारबाजीच्या मंडळांचे सामने होत; मग आमचे कां नकोत, असें ते विचारूं लागले. फुनाकोशींचें मत असें कीं, ही विद्या स्वतःस घडविण्यासाठीं आहे, दुसऱ्यास जिंकण्यासाठीं नाहीं. आणि तिचे आघात मोकळ्या झुंजींत धोक्याचे आहेत. टोकियोच्या सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थी अंगावर संरक्षक साधनें चढवून झुंजूं लागले, तेव्हां १९२९ च्या सुमारास फुनाकोशींनीं त्या मंडळाशीं संबंध सोडला. त्याच सुमारास केइओच्या मंडळानें मात्र त्यांची मोठी साथ केली. 'कराटे' या शब्दाचा जुना अर्थ 'चिनी हात'. उच्चार तोच ठेवून 'रिकामा हात' अशा अर्थाचें अक्षर त्या मंडळानें स्वीकारलें.

पुढें युद्ध आलें. १९४३ सालीं विद्यार्थ्यांना लष्करभरतींत मिळणारी सवलत बहुतांशीं बंद झाली, आणि अनेक तरुण मंडळांतून थेट रणांगणावर गेले. शिष्यांच्या वर्गणीनें बांधलेली फुनाकोशींची 'शोतोकान' ही तालीम १९४५ च्या बाँबवर्षावांत जळाली. जे परतले, त्यांतील जुन्या विद्यार्थ्यांनींच मंडळें पुन्हा उभीं केलीं. १९५७ च्या एप्रिलांत फुनाकोशी वारले. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यपरंपरेंतील जपान कराटे संघानें अखिल जपानी स्पर्धा भरविल्या.

मग शिष्यांनीं गुरूचा पराभव केला, असें म्हणावयाचें काय? मला तसें वाटत नाहीं. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत कराटेचा समावेश झाला, तेव्हां झुंज आणि काता अशा दोन्ही स्पर्धा झाल्या. पुरुषांच्या कातेचें सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्यो कियुना यांनीं मिळविलें. विद्यार्थी हट्ट धरून झुंजले नसते, तर ही विद्या कदाचित् बेटावरच राहिली असती. आणि गुरूनें काता सोडूं दिली असती, तर तिची नुसती हाणामारी झाली असती. जन्मभर शाळेंत शिकविलेल्या मजसारख्यास यांतून एवढेंच कळतें कीं, शिकविलेलें जसेंच्या तसें राहील ही आशा शिक्षकानें धरूं नये; परंतु जें मोलाचें वाटतें त्यासाठीं शेवटपर्यंत आग्रह मात्र सोडूं नये.