खाली अंगठा आणि ठेंगा

नापसंती सांगणारा इंग्रजीतला 'थम्ब्स डाउन' आता मोबाइलमुळे आमच्या लोहारा गावच्या बाजारातही पोचला आहे. त्याचं मूळ रोमच्या आखाड्यात सांगतात. हरलेल्या योद्ध्याचा निकाल प्रेक्षक अंगठ्याने देत, असं कवी जुवेनालच्या लॅटिन ओळीवरून दिसतं. पण तिथे अंगठा 'वळवल्याचा' उल्लेख आहे. वर की खाली, हे स्पष्ट नाही. खाली झुकलेला अंगठा जगाच्या डोळ्यांत भरला तो फ्रेंच चित्रकार जेरोमच्या 1872 च्या चित्रामुळे.

आपला ठेंगा मात्र वरच असतो. मूठ आवळायची, अंगठा ताठ करायचा आणि समोरच्याच्या नाकापुढे हलवायचा: काही मिळणार नाही, जा! सोयाबीन पाण्यात गेलं आणि विम्याची भरपाई आली नाही, की आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, "इम्यानं ठेंगा दावला." यात नुसती नापसंती नाही, आशा दाखवून हात वर केल्याची चीड आहे. म्हणून 'थम्ब्स डाउन'साठी ठेंगा वापरणं चूकच. मत पटलं नाही तर सरळ 'नापसंत' लिहा, नाक मुरडा. ठेंगा हा शब्द फसवल्या गेलेल्यांसाठी राखून ठेवा.