सूक्ष्मजीव आत, पाणी बाहेर

माझ्या लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : सांडपाण्यापासून वायू मिळवणारा पहिला प्रकल्प १८५९ मध्ये मुंबईच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात उभा राहिला. हे कितीतरी पेपरांत सापडतं, म्हणून मीही उचललं. माझ्या गाईडनी समासात एवढंच लिहिलं, "आश्रम कधी सुरू झाला?" शोधलं, तर माटुंग्याचा तो आश्रम (आजचं वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय) सुरू झाला १८९० मध्ये! तिथल्या वायूवर इंजिन चालवल्याचे उल्लेख १८९७ च्या आसपासचे आहेत. म्हणजे आश्रमाच्या ३१ वर्षं आधी आश्रमातला प्रकल्प! तेव्हापासून मी प्रत्येक तारीख तपासते.

मग अनएरोबिक मेम्ब्रेन बायोरिॲक्टरची गोष्ट कुठून सुरू करायची? मी इंग्लंडमधल्या एक्सेटरपासून करते. १८९५ मध्ये डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिथं बंद सेप्टिक टँक बांधली आणि तिच्यातला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. पण १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून, गाळ परत परत वापरून काही तासांत पाणी स्वच्छ करून दाखवलं. शहरांनी हीच पद्धत उचलली. तिची किंमत म्हणजे हवेसाठी लागणारी वीज आणि ढीगभर गाळ.

हवेशिवाय का जमत नव्हतं? मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात. शहराचं सांडपाणी पातळ, टाकीत थांबतं काही तास. सूक्ष्मजीवांची संख्या वाढायच्या आत ते पाण्याबरोबर वाहून जातात. पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्यांना आत धरून ठेवायची धडपड.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा यांनी सूक्ष्मजीवांचे जड दाणे तळाशी टिकवणारी यूएएसबी टाकी विकसित केली. १९८९ मध्ये कानपूरला जाजमऊ इथं दिवसाला ५० लाख लिटरचा तसा प्रकल्प उभा राहिला. उष्ण हवा तिला मानवते, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यावर पुन्हा प्रक्रिया करावीच लागते.

दुसरा उपाय म्हणजे पडदा. १९७८ मध्ये ग्रेथलाइन यांनी सेप्टिक टँकचं पाणी मेम्ब्रेनमधून गाळलं. पाणी काही तासांत बाहेर, सूक्ष्मजीव कित्येक दिवस आत : एचआरटी आणि एसआरटी वेगळे झाले ते असे. पण पडद्यावर थर साचतो आणि तो हटवायला पुन्हा ऊर्जा लागते. २०११ मध्ये मॅकार्टी, किम आणि बे यांनी थेट विचारलं, घरगुती सांडपाण्यातून खर्चापेक्षा जास्त ऊर्जा मिळेल का?

प्रश्न अजून सुटलेला नाही. बराच मिथेन पाण्यात विरघळूनच निसटतो, थंड पाण्यात तर जास्तच. आणि तो हवेत गेला तर हवामानाचं नुकसान. नायट्रोजन, फॉस्फरसही पाण्यात तसेच उरतात. विषय शोधताय? इथं जागा आहे. फक्त पहिल्या वाक्यातली तारीख तपासून घ्या.